एकच दार, तेही उजवीकडे: छोट्या विमानातून जमिनीवर तातडीने बाहेर कसं पडायचं?

तिरकी_रेघ
पायपर पीए-२८ (चेरोकी, वॉरिअर, आर्चर हे सगळं कुटुंब) आणि सेस्ना १७२ यांच्या हँडबुकांतली आपत्कालीन प्रकरणं शेजारी-शेजारी ठेवून वाचतोय. सेस्नाला दोन्ही बाजूंना दार आहे. पायपरला एकच, उजवीकडे, पंखावर उघडणारं. मुख्य वैमानिक मात्र बसतो डावीकडे. शेतात उतरावं लागलं, आग लागली आणि उजव्या सीटवरचा माणूस बेशुद्ध असला, तर डावीकडचा कोंडलाच की. डावीकडे छोटी वादळी खिडकी आहे, पण तिच्यातून हात बाहेर जाईल, माणूस नाही.

तर प्रश्न असे. एका दाराच्या चार-आसनी विमानाला मान्यता मिळाली कशी? सक्तीच्या लँडिंगआधी दाराची कडी काढून ठेवायची की नाही? आणि विमान उलटं पडलं तर नेमका क्रम काय? हवेतलं सोडा, फक्त जमिनीवरचं बोलू.

बाभूळझाड
इजेक्शन सीट लावून घ्या. धागा संपला.

मिक्श्चर_कट
@बाभूळझाड, चेरोकीचं छप्पर पक्कं असतं. आधी ते फोडायची सोय करा, मग सीट बघू. :)

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. पीए-२८ ला १९६० साली मान्यता मिळाली, ती अमेरिकेच्या जुन्या 'सीएआर ३' नियमांखाली. त्यात बंद केबिनमध्ये पाचपेक्षा जास्त माणसं असतील तरच वेगळी आपत्कालीन वाट सक्तीची होती, आणि ती अशी की १९ बाय २६ इंचांचा लंबवर्तुळ त्यात पूर्ण बसला पाहिजे. चेरोकी चार जणांची, म्हणून सुटली. त्याच घराण्यातल्या सहा-आसनी पीए-३२ ला डावीकडे मागे दुसरं दार आहे, ते उगाच नाही. पुढे 'भाग २३' च्या नियमांत मुख्य दाराच्या विरुद्ध बाजूला एक वाट हवी, असं आलं. जुन्या प्रमाणपत्रावर बनत राहिलेल्या विमानांना तो नियम मागे जाऊन लागला नाही.

उत्तरवारा
आणि पायपरने पुढे जिथे वाट दिली, तिथे ती कुठे आहे हे माहीत नसतं ही वेगळीच रड. सेनेका पीए-३४ आपल्याकडच्या बऱ्याच फ्लाइंग स्कूलांत आहे. तिच्यात वैमानिकाच्या डावीकडची खिडकीच आपत्कालीन वाट आहे. पहिल्या आणि दुसऱ्या खिडकीमधल्या खांबावर प्लॅस्टिकचं झाकण असतं, त्याखाली हँडल. झाकण काढा, हँडल पुढे ओढा, खिडकी बाहेर ढकला. अख्खी खिडकी निघून पडते. झाकणाकडे बघून कुणालाही वाटेल की आत वायरिंग असेल.

धावपट्टी_२७
दुसऱ्या प्रश्नावर सेस्नाचं हँडबुक स्पष्ट आहे. १७२ एस मध्ये इंजिन बंद असताना सक्तीचं लँडिंग: फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेचा खाली झुकणारा भाग) वर असतील तर ७० नॉट, खाली असतील तर ६५. मिक्श्चर (इंधनाचं प्रमाण ठरवणारा नॉब) पूर्ण मागे, इंधनाचा शटऑफ पूर्ण बाहेर ओढलेला, मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारे) बंद, फ्लॅप गरजेनुसार (३० अंशांची शिफारस), जागा हातात आली की मास्टर (विजेचा मुख्य स्विच) बंद, टेकण्याआधी दारांच्या कड्या मोकळ्या. मग शेपूट किंचित खाली ठेवून टेकायचं आणि ब्रेक जोरात.

मास्टर फ्लॅपनंतर का, तर १७२ चे फ्लॅप विजेवर चालतात. आधी मास्टर मारला तर फ्लॅप आहेत तिथे गोठले. चेरोकीचे फ्लॅप दोन सीटमधल्या लांब दांड्यावर, हाताने. तिथे ही अडचण नाही. तिथली अडचण इंधनाच्या चावीची. ती डाव्या पायाजवळ भिंतीवर असते आणि नव्या मॉडेलांत 'बंद'वर न्यायला बटण दाबून धरावं लागतं. घाईत नुसती फिरवली तर अलीकडेच अडते.

चौकट_राजा
कडी काढून ठेवण्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. कारण समजून घ्या: आपटल्यावर केबिनचा सांगाडा तिरपा होतो, दाराची चौकट चेमटते आणि बंद दार तिच्यात चिमटून बसतं. म्हणून आधीच मोकळं ठेवायचं. पण लावलेलं दार त्या चौकटीला थोडा आधारही देत असतं. शिवाय १७२ च्या दाराची बिजागरी पुढच्या बाजूला आहे. जोराचा ब्रेक बसला की मोकळं दार पुढे झेपावून उघडतं आणि परत येऊन आपटतं. कोपर किंवा बोटं त्या फटीत असली तर संपलं.

धावपट्टी_२७
@चौकट_राजा, मुद्दा मान्य, निष्कर्ष नाही. बोटं चिरडली तरी माणूस बाहेर येतो. दार चिमटलं तर येत नाही. हँडबुक 'कडी काढा' म्हणतं तेव्हा काढायचीच. जिथे हँडबुक गप्प आहे तिथे वाद घालू.

चौकट_राजा
गप्प असलेलीच जास्त आहेत, म्हणून तर बोललो. सगळ्या विमानांना सेस्नाचा नियम चिकटवू नका एवढंच. पुढे उघडणारी छत्री (केबिनवरचं पारदर्शक झाकण) किंवा वर उघडणारी पंखासारखी दारं टेकण्याआधी मोकळी केली तर वाऱ्याने काय होईल याचा भरवसा नाही.

हळदीकुंकू
फटीत बूट किंवा जॅकेट घालून ठेवा असं बऱ्याच ठिकाणी वाचलं आहे. खरंच करतात?

धावपट्टी_२७
करतात. मऊ वस्तू दाराच्या मागच्या कडेला, कडीच्या वर किंवा खाली. बूट असेल तर तो आधीच काढलेला असणार, म्हणजे बाहेर पडताना खिडक्यांच्या तुटक्या अ‍ॅक्रिलिकवर (पारदर्शक प्लॅस्टिकवर) आणि गरम पत्र्यावर अनवाणी पाय. म्हणून जॅकेटच. काही प्रशिक्षक दुसरी युक्ती सांगतात: दार किंचित उघडून हँडल परत 'बंद'वर फिरवायचं. कडीचा खिळा बाहेर येतो आणि दार पूर्ण मिटतच नाही. याला सुटी वस्तू लागत नाही, पण आपल्या विमानाची कडी त्या जातीची आहे का ते हँगरमध्ये बघून ठेवावं.

फ्लॅप_चाळीस
दारावर एवढी चर्चा, पण दारापलीकडे पाय कुठे पडणार ते कुणी बोललं नाही.

चेरोकीत उजव्या पंखावरून मागच्या कडेने उतरतात. तिथला उजवा फ्लॅप पूर्ण वर असेल तेव्हाच अडकून पायरीचं काम करतो. हँडबुकात लिहिलंय की पूर्ण वर नसेल तर तो माणसाचं वजन पेलत नाही. आता सक्तीच्या लँडिंगनंतर फ्लॅप कुठे असणार? पूर्ण खाली. पहिला माणूस सवयीने त्यावर पाय ठेवतो, फ्लॅप निसटतो आणि तो घोट्यावर पडतो, मागचे तीन जण त्याच्यावर. वेळ असेल तर थांबल्या थांबल्या दांडा खाली ढकला, एका हाताचं काम आहे. आग असेल तर दांडा विसरा, पंखाच्या मागच्या कडेवर बसून घसरा. पुढच्या कडेने कधीही नाही, तिकडे इंजिनाचा पंखा (प्रोपेलर) आहे.

फ्लॅपमुळे दारच अडतं असं विमान म्हणजे सेस्ना २०६. पुढे दार फक्त डावीकडे, वैमानिकाचं. उजवीकडे मागे सामानाचं दुहेरी दार. फ्लॅप खाली असले की त्या दुहेरी दाराचा पुढचा पल्ला फ्लॅपला अडतो, थोडी फट पडते आणि थांबतो. मागचा पल्ला पुढचा उघडल्याशिवाय सुटत नाही. त्यासाठी पद्धत दिलेली आहे: पुढचा पल्ला जाईल तितका ढकला, मग मागच्या पल्ल्याच्या कडेतली लाल दांडी पुढे फिरवा, मग मागचा पल्ला जोर लावून उघडा. कोरड्या जमिनीवर, उजेडात, हे जमतं. कॅनडात पाण्यावर उतरणाऱ्या २०६ उलटून माणसं आतच अडकली, तेव्हा तिथल्या वाहतूक सुरक्षा मंडळाने याच दारावर बोट ठेवलं. उलटं लटकलेल्या, कधी हे दार न पाहिलेल्या प्रवाशाकडून तीन पायऱ्यांची अपेक्षा करणंच चूक आहे.

हळदीकुंकू
लाल दांडी दुसऱ्या पल्ल्याच्या कडेत?? म्हणजे पहिला पल्ला उघडल्याशिवाय ती दिसतही नाही?

फ्लॅप_चाळीस
हो. तेच तर.

वैनतेय
तिसऱ्या प्रश्नाकडे वळतो. उलटं पडलेलं विमान.

आपटण्यातून वाचलेली माणसंही पट्टा सोडताना इजा करून घेतात. उलटं लटकलं की अख्खं वजन पट्ट्यावर येतं. बक्कल सुटलं की डोक्यावर पडायचं, मान मोडायची. म्हणून क्रम: हेडसेट काढा. एक तळहात छपरावर (जे आता खाली आहे) घट्ट रोवा, कोपर जवळजवळ सरळ. पाय डॅशबोर्डच्या खालच्या कडेला किंवा रडर पेडलला टेकवून अंग वर रेटा, म्हणजे पट्ट्यावरचा ताण थोडा कमी होतो. मग दुसऱ्या हाताने बक्कल. उचलून सुटणारी जुनी पाती ताणाखाली हट्टीपणा करते. अंग रेटलं नाही तर सुटतच नाही, आणि माणसाला वाटतं ती बिघडली. हनुवटी छातीशी, आणि खांद्यावर पडायचं.

खाली आल्यावर दिशा चुकते. नाकाकडे तोंड करून सरळ झालं की वर-खालीच नाही, डावं-उजवंही उलटतं आणि हात दाराचं हँडल जुन्या जागी शोधत राहतो. म्हणून पट्टा सोडण्याआधीच एक हात दाराच्या चौकटीवर किंवा हँडलवर ठेवतात. पाण्याखालून सुटण्याच्या प्रशिक्षणात हाच धडा पुन्हा पुन्हा गिरवून घेतात: एक हात वाटेवर, दुसरा बक्कलवर, आणि वाटेवरचा हात सोडायचा नाही. धुरातही हेच. दिसत नसतं.

मिक्श्चर_कट
@वैनतेय, यात दोन हात आधीच कामाला लावलेत, छपरावरचा तिसरा कुणाचा?

वैनतेय
बरोबर पकडलंत. :) उलटं असताना वाटेकडचा हात आधी चौकटीला लावून जागा मनात पक्की करायची, मग तोच हात छपरावर. दाराची चौकट छपराला जिथे मिळते त्या कोपऱ्यात रोवला तर दोन्ही कामं होतात. सरळ विमानात छपराचा प्रश्नच नाही.

गोंद्या
डायमंड डीए-४० बद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून. गोंदियाला प्रशिक्षणात हीच आहेत. पुढची छत्री पुढे बिजागरी असलेली, वर उघडते. मागच्या प्रवाशांना डावीकडे वेगळं दार, तेही वरच्या बाजूला उघडणारं. उलटं पडलं की दोन्ही जमिनीला अडणार. याचा विचार केलेला आहे: मागच्या दाराची पुढची बिजागरी आतून मोकळी करता येते, शेजारी पट्टीवर चित्रासकट लिहिलेलं असतं. ती सोडली की दार वेगळ्या कोनात निघतं. पुढच्या दोघांना त्यासाठी मागे सरपटत यावं लागतं, म्हणजे मागच्या सीटवर बॅगा रचल्या असतील तर ती वाट नाहीच.

डीए-४० एनजी डिझेल इंजिनावर चालते आणि जेट ए-१ पिते. त्याचा ज्वलनांक (ज्या तापमानाला पेटणारी वाफ सुटू लागते) किमान ३८ अंश. शंभर एलएल अ‍ॅव्हगॅस (छोट्या विमानांचं पेट्रोल) मात्र शून्याखालीसुद्धा पेटणारी वाफ सोडतं. डिझेलवाल्याला थोडा जास्त वेळ मिळतो. पण नागपूर-गोंदियाच्या मे महिन्यात डांबर ३८ च्या बरंच वर असतं, तेव्हा त्या फरकावर फार विसंबू नका.

काचतोड्या
दार उघडलंच नाही तर काच, यावर गैरसमज फार आहेत. गाडीसाठी मिळणारा टोकदार हातोडा किंवा स्प्रिंगवाला ठोकणारा पेन विमानात उपयोगाचा नाही. तो तापवून कडक केलेल्या काचेसाठी असतो, जी एका टिंबावर ताण सुटला की साखरेसारखी विरघळते. छोट्या विमानात असतं अ‍ॅक्रिलिक. त्याला टोक मारलं की एक भोक पडतं आणि तुम्ही त्या भोकाकडे बघत बसता.

अ‍ॅक्रिलिकला वजन लागतं. सायरस एसआर-२२ मध्ये पुढच्या दोन सीटमधल्या आर्मरेस्टखाली आठ औंसांचा साधा गोल डोक्याचा हातोडा ठेवलेला असतो, त्यामागचं कारण हेच. मारायचं ते मध्यभागी नाही. मध्ये काच लवते आणि हातोडा उसळून परत येतो. कोपऱ्याजवळ, चौकटीपासून तीन-चार बोटांवर, एकाच जागी सलग घाव. तडा गेला की शेजारच्या कोपऱ्यात, मग दोन तडे जुळेपर्यंत. पुढची वक्र काच सोडा, ती जाड असते. बाजूची घ्या. भेग पडली की पाठ दुसऱ्या दाराला टेकवून दोन्ही टाचांनी लाथ. तुकडे सुरीसारखे धारदार होतात, त्यामुळे खालच्या कडेवर जॅकेट किंवा सीटची गादी टाकूनच बाहेर.

१७२ मध्ये फोडायच्या आधी उघडणारी खिडकी आठवा. वर बिजागरी आहे, एका दांडीने अडवलेली. दांडीचा स्क्रू काढला की ती पंखापर्यंत वर जाते. आयत्या वेळी स्क्रू कोण काढणार, मान्य. पण रेटून दांडी वाकते.

बाभूळझाड
हातोडा आर्मरेस्टमध्ये, आर्मरेस्टवर चार्जर, त्यावर पाण्याची बाटली, त्यावर चिवड्याचा पुडा.

काचतोड्या
@बाभूळझाड, हसू नका, प्रत्यक्षात हेच असतं.

आगबंब
आगीबद्दल. इंजिन सुरू करतानाची आग ही जमिनीवरची नेहमीची, आणि तिथे पहिली प्रतिक्रिया चुकते. लोक स्टार्टर सोडून दाराकडे धावतात. स्टार्टर चालूच ठेवायचा, म्हणजे ज्वाळा आत ओढल्या जातात. इंजिन सुरू झालं तर १७२ एस ला मिनिटाला १८०० फेऱ्यांवर काही मिनिटं, मग बंद करून तपासणी. नाहीच सुरू झालं तर थ्रॉटल पूर्ण पुढे, मिक्श्चर पूर्ण मागे, स्टार्टर चालूच, इंधन बंद, पंप बंद. अग्निशामक हातात, मास्टर आणि मॅग्नेटो बंद, पार्किंग ब्रेक सोडून बाहेर.

अग्निशामक पुढच्या दोन सीटच्या मधे, फरशीवर बसवलेला असतो. आठ-दहा सेकंदांत संपतो. उभा धरा, ज्वाळेवर नाही तर तिच्या मुळाशी मारा. बंद केबिनमध्ये हॅलॉन (अग्निशामकातला वायू) मारला तर लगेच हवा खेळवा. मारायचा की पळायचं? माझं मत: आत माणूस अडकलेला असेल तर त्याची वाट मोकळी करायला मारा. विमान वाचवायला मारू नका.

तिरकी_रेघ
@आगबंब, तुम्ही 'पार्किंग ब्रेक सोडून' लिहिलंत. सायरसच्या पुस्तकात उलटं आहे, बाहेर पडण्याआधी ब्रेक लावा म्हणतात.

आगबंब
दोन्ही बरोबर. सायरसचं वाक्य नीट वाचा: इंजिन चालूच ठेवून उतरावं लागलं तर ब्रेक लावा. विमान पुढे सरकून उतरणाऱ्यांनाच पंख्याने कापू नये म्हणून. सेस्नाच्या यादीत इंजिन बंद झालेलं आहे. तिथे ब्रेक मोकळा असला की जळतं विमान ओढून इतर विमानांपासून लांब नेता येतं.

उत्तरवारा
सायरसचा विषय निघालाच आहे तर पॅराशूट, म्हणजे रॉकेटने सुटून अख्खं विमानच खाली आणणारं. पॅराशूटवर उतरल्यावर ते जमिनीवर वाऱ्याने पुन्हा फुगतं आणि विमान फरफटत नेतं. म्हणून लगेच बाहेर, आणि वारा येतो त्या बाजूला. उलट, पॅराशूट न सोडता आपटलेल्या विमानात भरलेलं रॉकेट तसंच असतं. मदतीला येणाऱ्या गावकऱ्यांना मागच्या बाजूला छपरावर चढू देऊ नका. सायरस, डायमंड ही फायबरची विमानं, जळली की धूर फार विषारी. तेव्हाही वारा येतो त्या बाजूलाच, किमान शंभर फूट.

हळदीकुंकू
मोठ्या विमानांना ९० सेकंदांत रिकामं करून दाखवावं लागतं ना? छोट्यांना काही आहे का तसं?

मिक्श्चर_कट
ती चाचणी ४४ पेक्षा जास्त सीटच्या विमानांना, अर्धी दारं बंद ठेवून. १७२ ला कुणी घड्याळ लावत नाही. हवाबंद केबिनवाल्या किंग एअरमध्ये आणखी एक भानगड: तिचा आपत्कालीन दरवाजा उजवीकडे, बुचासारखा, बिजागरी नाही. हँडल ओढून तो आत ओढावा लागतो. केबिनमध्ये दाब उरला असेल तर आधी तो सोडा, नाहीतर कितीही ओढा.

वैनतेय
धागाकर्त्याचा मूळ प्रश्न राहिलाच. चेरोकी, डावी सीट, उजवीकडचा हलत नाही.

त्याचं उत्तर उड्डाणाआधीच द्यावं लागतं, कारण नंतर पर्याय फार थोडे. दार दोन कड्यांचं: वर छपराजवळ एक, बाजूला मुख्य. वरची विसरून बाजूचं हँडल ओढत राहणं ही नेहमीची चूक, म्हणून प्रवाशाला नुसतं सांगायचं नाही, इंजिन सुरू करण्याआधी त्याच्याकडून दोन्ही उघडून घ्यायच्या. एकदा डोळे मिटून. वाक्य एवढंच: "मी 'बाहेर' म्हटलं की वरची, मग खालची, ढकल, पंखावर, मागे." उजव्या सीटवर तोच बसवायचा जो हे करू शकेल. लहान मूल, आजारी माणूस, घाबरट मित्र मागे.

तरीही तो हलत नसेल तर: तुमच्या हाताने त्याचं बक्कल आधी, मग तुमचं. त्याची सीट पूर्ण मागे सरकवा, म्हणजे त्याच्या गुडघ्यांपुढे जागा होते. त्याच्या अंगावरून जाऊन दोन्ही कड्या, दार पंखाकडे लोटा. तुम्ही आधी बाहेर, मग त्याच्या काखेत हात घालून त्याला पंखावर ओढा. आतून ढकलून माणूस निघत नाही. मागचे दोघे तोपर्यंत अडकलेलेच असतात, हे मान्य करून चाला. म्हणून मागच्यांनाही कड्या दाखवायच्या, त्यांचे हात पुढच्या सीटवरून पोचतात.

चौकट_राजा
सीट मागे सरकवण्यावर: मागच्याचे पाय तिथे असतात. ओरडून सांगा, मगच.

धावपट्टी_२७
हेडसेटचं एक राहिलं. दोन पिनांची साधी वायर ओढली की सुटते. पॅनेलवरून वीज घेणाऱ्या काही हेडसेटांचा सहा पिनांचा लेमो प्लग मात्र अडकणारा असतो, ओढून सुटत नाही, कॉलर मागे खेचावी लागते. त्यामुळे वायरच्या नादी न लागता हेडसेट डोक्यावरून काढून डॅशबोर्डवर फेकायचा. गुडघ्यावर बांधलेला टॅब्लेटही तिथेच.